ग्रामसभेत तीनदा बोललो, काहीच झालं नाही. निवडून आलेले लोक ऐकतात तरी का?

प्रश्न थोडक्यात असा. सावंतवाडी तालुक्यातला २६ वर्षांचा मुलगा, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा तीन ग्रामसभांना उभा राहून बोलला, की वाडीत जलजीवनची टाकी बांधून दोन वर्षं होत आली पण नळाला पाणी नाही. सरपंच तिन्ही वेळा 'बघतो' म्हणाले. आता तो विचारतोय की सर, तुम्ही राज्यशास्त्रवाले हेच अभ्यासता ना, लोक बोलतात तेव्हा निवडून आलेली माणसं खरंच काही ऐकतात का हे नाटक आहे, आणि आता पुढे ग्रामसभेतच बोलत राहू, आमदाराला गाठू की आरटीआय टाकू?

सर म्हणालास म्हणून तू म्हणतो, राग मानू नको.

ऐकतात. पण तुला वाटतं ते नाही ऐकत. हे मला कळायला बरीच वर्षं लागली आणि कळलं ते पुस्तकात नाही, एका जिल्हा परिषद सदस्याच्या बोलेरोत कळलं.

आमच्या विषयात रिचर्ड फेनो नावाचा एक अमेरिकन प्राध्यापक होऊन गेला, त्याने १८ खासदारांबरोबर त्यांच्या त्यांच्या मतदारसंघात फिरून १९७८ साली पुस्तक लिहिलं. पद्धत एकदम साधी, माणसाला चिकटून राहायचं, तो जातो तिथे जायचं आणि बघत बसायचं. मी तीच पद्धत आपल्याकडे एसटीच्या बजेटमध्ये वापरली, म्हणजे ज्या सदस्याने गाडीत घेतलं त्याच्याबरोबर फिरलो. तर हा सदस्य कुडाळ तालुक्यातल्या एका गावात गेला होता, शाळेच्या वर्गात सभा, दोन तास लोक बोलत होते, रस्ता, लाईट, पाणी, माकडांनी केलेलं नुकसान, सगळं. मी मागच्या बाकावर बसून वहीत कोण काय म्हणालं ते ओळीने लिहून घेत होतो, आणि हा गृहस्थ मधेच मोबाईल बघतोय, मधेच चहा पितोय. मला वाटलं याचं काही लक्ष नाही. सभा संपली, गाडीत बसलो, आणि दार लावता लावता त्याने ड्रायव्हरला विचारलं, "अरे, तो खालच्या वाडयेतलो झील हेंच्यावांगडा कदीपास्ना बसाक लागलो?"

म्हणजे तो खालच्या वाडीचा मुलगा यांच्याबरोबर कधीपासून बसायला लागला? दोन तासांतून त्याने एवढंच उचललं होतं. माझ्या वहीत चार पानं मुद्दे होते आणि कोण कोणाच्या शेजारी बसलंय याची एक ओळ नव्हती.

झालं होतं असं की त्या गावात वरची वाडी आणि खालची वाडी यांचं पालखीच्या मानावरून जुनं भांडण, कोर्टापर्यंत गेलेलं. मधून व्हाळ, म्हणजे ओढा, जातो. दोन्ही वाड्यांची पोरं पावसात तोच व्हाळ ओलांडून शाळेत जाणार, आणि दोन्ही वाड्या कित्येक वर्षं साकव, म्हणजे छोटा पूल, मागत होत्या, पण वेगवेगळा, प्रत्येकीला आपल्या घरांजवळ हवा. आता सदस्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. साकव एकच मिळणार. वरच्यांना दिला तर खालची वाडी गेली, खालच्यांना दिला तर वरची. मग सगळ्यात स्वस्त काय? कोणालाच न देणं आणि दोघांना 'प्रस्ताव पाठवलाय' सांगणं. लोक म्हणायचे पुढारी ऐकत नाही, अरे तो दोघांचंही ऐकत होता म्हणूनच गप्प होता! त्या वर्षी बचत गटातल्या दोन बायका, एक वरची एक खालची, रेशनच्या लायनीत बोलल्या आणि दोन्ही वाड्यांच्या सह्यांचा एकच अर्ज तयार झाला, जागा शाळेच्या सरळ रेषेत, कोणाच्याच घरासमोर नाही. तो खालच्या वाडीचा मुलगा त्या अर्जासाठीच वरच्या वाडीवाल्यांबरोबर बसला होता. पुढच्या वर्षीच्या यादीत साकव आला.

एका साकवावरून शास्त्र होत नाही हे मला माहीत आहे, विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर मीच मार्क कापले असते. पण त्यानंतर मी सभांना जाताना वहीत आधी बसण्याचा नकाशा काढायला लागलो आणि पुन्हा पुन्हा तेच दिसत गेलं. एरवी जी माणसं एका बाकावर बसत नाहीत ती एक मागणी घेऊन आली की पुढाऱ्याचे कान टवकारतात, कारण त्याचा हिशोब तिथेच बदलतो. पन्नास माणसं एकाच वाडीची, एकाच भावकीची असतील तर ती त्याच्यासाठी एकच माणूस असतात, ती कोणाची मतं आहेत हे त्याला आधीच पाठ असतं.

तू तीन वेळा बोललास, एकटा. मुद्दा शंभर टक्के खरा असेल. पण आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालताना बघितलंयस ना, बोलणारा एकच, पण त्याच्या प्रत्येक वाक्यामागे सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. मागून तो आवाज आला नाही तर गाऱ्हाणं घालणारा कितीही चांगला बोलूदे, ते नुसतं एकट्याचं बोलणं होतं. सरपंच पण त्याच गावात वाढलाय, त्याला मागचा आवाज मोजायची सवय आहे.

आता एक कडू गोष्ट. कोण बोलतंय हे बघूनच उत्तर द्यायची सवय फक्त आपल्याकडे आहे असं नाही. अमेरिकेत बटलर आणि ब्रूकमन या दोघांनी राज्यांच्या आमदारांना ईमेल पाठवल्या, मजकूर सारखाच, मतदार नोंदणी कशी करायची एवढंच विचारलेलं, फक्त खालचं नाव वेगळं, एक नाव गोऱ्या माणसाचं वाटेल असं आणि एक काळ्या माणसाचं. काळ्या वाटणाऱ्या नावाला उत्तरं कमी आली. २०११ चा अभ्यास आहे. कोकणात तर ईमेलची गरजच नाही, आडनाव सांगितलं की वाडी कळते आणि वाडी कळली की बाकी सगळं कळतं. बौद्धवाडीतून आलेला अर्ज 'दलितवस्ती योजनेतून करू' म्हणून वेगळ्या फाईलीत जातो आणि तिथे वर्षानुवर्षं झोपतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता आश्चर्य वाटायचं बंद झालंय, आणि ते बंद झालं याचीच मला लाज वाटते. त्यामुळे 'सगळ्या वाड्यांनी एकत्र यावं' हे सांगणं सोपं आहे, ज्या वाडीला बाकीचे बरोबर घेतच नाहीत तिने काय करायचं याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. राजस्थानात गॅब्रिएल क्रुक्स-विस्नर यांनी खेड्यांतून बराच अभ्यास केलाय, त्यांना असं दिसलं की ज्यांचं येणं-जाणं आपल्या जातीच्या, मोहल्ल्याच्या, गावाच्या बाहेर जास्त, ते सरकारकडे जास्त मागतात आणि जास्त वाटांनी मागतात. आपल्याकडचा चाकरमानी बघ, मुंबईत बीएमसीच्या वॉर्ड ऑफिसात दोन खेपा घातलेला माणूस गणपतीला गावी आला की सरपंचाला बिनधास्त कागद मागतो. गावात राहणाऱ्याला ते जड जातं कारण त्याला उद्या त्याच सरपंचाकडे दाखल्यासाठी जायचंय.

आता ग्रामसभेकडे येऊ. कायद्याने वर्षाला निदान चार सभा व्हायला हव्यात आणि गणपूर्ती (कोरम) म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. अर्धी घरं कुलूप लावून मुंबईला, तेव्हा कोरम होत नाही, सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे खरी सभा बहुतेक वेळा ती दुसरीच असते, वीस-पंचवीस माणसांची. हे सरपंचाला माहीत असतं, ग्रामसेवकाला माहीत असतं (आता पदाचं नाव बदललंय पण गावात ग्रामसेवकच म्हणतात), तुला माहीत नसतं.

दुसरं, तू कुठल्या विषयाखाली बोललास? माझी खात्री आहे की 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' याच्यात बोललास. ती अजेंड्याची शेवटची ओळ, तोपर्यंत अर्धे लोक उठलेले, ग्रामसेवकाने पेन खिशात ठेवलेलं. तिथे बोललेलं बऱ्याच वेळा प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, उतरतच नाही, आणि उतरलं तर 'पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली' एवढंच. चर्चा झाली म्हणजे काहीच झालं नाही. ठराव म्हणजे नंबर हवा, सूचक हवा, अनुमोदक हवा. सभेची नोटीस निघायच्या आधी विषय लेखी द्यायचा, आवक नंबर टाकून पोच घ्यायची, मग तो अजेंड्यावर येतो. नाही आला तर का नाही आला हे सभेत विचारता येतं, आणि हा प्रश्न सरपंचाला तुझ्या भाषणापेक्षा जास्त टोचतो.

आणि टायमिंग. गावाचा पुढच्या वर्षाचा आराखडा, 'आमचं गाव आमचा विकास' वाला, साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत ठरतो. १ मे ला तू मागणी केलीस तेव्हा पैशाचं वाटप आधीच झालेलं. त्यात पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशातले ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, उरलेल्या ४० टक्क्यांत सरपंचाला थोडी मोकळीक. सरपंचाचा हात किती आखूड आहे हे लोकांना माहीत नसतं, आणि सरपंचही सांगत नाही, कारण 'माझ्या हातात नाही' म्हणण्यापेक्षा 'बघतो' म्हणणं बरं दिसतं. तुझ्या टाकीचं तर अजूनच. जलजीवनचं काम जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडून होतं, ठेकेदाराचं बिल तिथून निघतं, म्हणजे तू ज्याला तीनदा विचारलंस त्याच्याकडे त्या कामाची चावीच नव्हती. पूर्ण निर्दोष नाही तो, पुढे सांगतो.

मग आमदार? आमदाराकडे जायला हरकत नाही, फक्त तिथे काय मिळतं ते समजून जा. जेनिफर बसेल यांनी भारतातल्या पुढाऱ्यांचा बराच बारकाईने अभ्यास केलाय आणि त्यांचं म्हणणं साधारण असं की गावपातळीवर ज्यांना 'तू आमच्यातला नाहीस' म्हणून परत पाठवतात ते वर आमदारापर्यंत जातात, आणि आमदार बऱ्याचदा पक्ष न बघता मदत करतो, कारण एवढ्या मोठ्या मतदारसंघात दारात आलेल्या माणसाने कोणाला मत दिलं हे त्याला कळत नाही आणि मदत केल्याने मिळालं तर एक मत मिळेलच, जात काही नाही. मी इथे जे बघितलं त्याच्याशी हे जुळतं. पण ती मदत कसली असते, तर हॉस्पिटलचं बिल, बदली, दाखला, पोलीस स्टेशनला फोन. एकट्याने मागायची, एकट्याला मिळायची. एका आमदाराच्या ऑफिसात मी काही सकाळी बसून काढल्यात, पीएच्या टेबलावर दोन ढीग असायचे. एका ढिगातल्या पत्रावर 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहून ते खात्याकडे जायचं. दुसऱ्या ढिगातल्या पत्रावर काहीच लिहायचे नाहीत, पीए सरळ फोन उचलायचा. मी विचारलं की फोन कोणाला? म्हणाला, "सर, जो परत येणार ना, त्याचो आधीच करून टाकूचो." त्याला चेहरे पाठ होते, कोण एकदा पत्र देऊन घरी बसणारा आणि कोण पुढच्या सोमवारी परत दारात उभा राहणारा.

वाडीची कामं आमदाराकडून होतात ती पंचवीस-पंधरातून, म्हणजे २५१५ या लेखाशीर्षातून, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली कामं. पाखाडी (पायऱ्यांची पायवाट), स्मशानशेड, सभामंडप, रस्त्याचा तुकडा. मार्च २०२२ ला जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते, त्या काळात लोकांना विचारायला मधला माणूसच उरला नाही, सगळे आमदाराकडे. पंचवीस-पंधरा हा शब्द मी त्या वर्षांत चहाच्या टपरीवर ऐकलाय. तोटा असा की यादी वर बनते, गावाचा आराखडा बाजूला राहतो, आणि ज्या वाडीला पाणी नाही तिला सभामंडप मिळतो.

मोठ्या प्रश्नांचं म्हणशील तर नाणार बघ. मे २०१७ मध्ये रिफायनरीच्या जमिनीची अधिसूचना निघाली, राजापुरातली १४ गावं आणि देवगडातली २. ग्रामसभांचे विरोधाचे ठराव झाले, मोर्चे झाले. ठराव झाले त्या दिवशी कोणी अधिसूचना मागे घेतली नाही. ती रद्द झाली मार्च २०१९ मध्ये, एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान होतं आणि शिवसेना-भाजप युतीच्या बोलणीत तो मुद्दा आला तेव्हा. लोकांनी ठराव केले म्हणून झालं की निवडणूक होती म्हणून झालं असा वाद वर्गात दरवर्षी होतो. माझं मत असं की निवडणूक सगळ्यांनाच येते, पण आंबा बागायतदार, मच्छीमार आणि मुंबईतली मंडळं ही एरवी तीन तोंडांची माणसं तिथे एका बाजूला उभी होती, म्हणून त्या निवडणुकीत त्या प्रश्नाला किंमत आली. आणि किंमत बदलली की उत्तर बदलतं. ज्या शिवसेनेने नाणार नको म्हटलं तिच्याच मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या बारसूच्या जागेसाठी केंद्राला पत्र दिलं, आणि एप्रिल २०२३ ला बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) माती परीक्षणाच्या वेळी लोक परत उन्हात बसले. पुढाऱ्याचं मन वळलं असं कधी धरू नये, त्याचा हिशोब त्या तारखेपुरता वळलेला असतो.

नाटक आहे का, हा तुझा शब्द. थोडं आहे, आणि त्याचा पुरावा पण आहे. बेंजामिन ओल्कन यांनी इंडोनेशियातल्या ४९ गावांत प्रयोग केला, काही गावांत कुठलं काम घ्यायचं हे नेहमीच्या सभेत ठरवलं, काही गावांत सगळ्यांचं मतदान घेऊन. निवडलेली कामं जवळजवळ तशीच निघाली, पण जिथे मतदान झालं तिथले लोक कितीतरी जास्त समाधानी होते. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चांगली बातमी वाटली होती. नंतर गावोगावच्या प्रोसिडिंग बुकांत 'सर्वानुमते मंजूर' वाचत गेलो तेव्हा त्यातला धोका कळला. लोक आले, बसले, सही केली, एवढ्यानेच कागदाला वजन येतं, काम कुठलंही असो.

आणि आता तुझी टाकी. गाव 'हर घर जल' प्रमाणित करायचं असेल तर ग्रामसभेचा ठराव लागतो, की गावातल्या प्रत्येक घराला नळाने पाणी येतंय, माणशी दिवसाला ५५ लिटर वगैरे. योजना ग्रामपंचायतीने ताब्यात घ्यायची तर तेही कागदावर येतं. म्हणजे सरपंचाच्या हातात बिल नाही पण हे कागद आहेत, आणि ते मोठं हत्यार आहे, पाणी येईपर्यंत आम्ही ताबा घेत नाही असं ग्रामपंचायतीने लेखी कळवलं की पाणीपुरवठा विभागात हालचाल होते. म्हणून २ ऑक्टोबरच्या सभेसाठी विषय आत्ताच लेखी दे, पण एकट्याच्या नावाने नको. ज्या दुसऱ्या वाडीत त्याच योजनेचं पाणी अर्धवट येतंय तिथला अनुमोदक शोध, शक्यतो तुमच्याशी बोलणं बंद असलेला. महिला ग्रामसभा आधी होते, तिथून पण तोच विषय वर येऊ दे, हंडे कोण वाहतं हे सांगायला नको. आमदाराकडे गेलास तर नुसतं पाणी मागायला म्हणून जाऊ नको, ठरावाची नक्कल घेऊन जा आणि दोन्ही वाड्यांची माणसं घेऊन जा, आणि पुढच्या सोमवारी परत जा.

आरटीआय लगेच टाकू नको, १० रुपयांचं तिकीट लावलं की गावात शत्रू म्हणून नाव पडतं आणि ३० दिवस वाट बघायची ती वेगळीच. आधी साधा अर्ज करून या वर्षीच्या तिन्ही सभांच्या प्रोसिडिंगची नक्कल माग, दिली नाही तरच आरटीआय. नक्कल मिळाली की तुझं बोलणं त्यात आहे का हे नंतर बघ, पहिल्यांदा 'हर घर जल'चा ठराव त्यातल्या कुठल्या सभेत मंजूर झालेला आहे का ते शोध. झाला असेल तर हजेरीच्या पानावर सह्या बघ, त्यात तुझी पण असणार.